ओव्हेरचें गंजलेलें पिस्तूल

पॅरिसच्या वायव्येस सुमारें ३० किलोमीटरांवर वाझ नांवाच्या नदीच्या कांठीं ओव्हेर-स्यूर-वाझ हें लहानसें गांव आहे. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस उंचवटा, आणि उंचवट्यावर गव्हाचीं सपाट शेतें. फ्रान्स देशांत अशीं गांवें शेंकड्यांनीं मोजतां येतील. परंतु १८९० च्या उन्हाळ्यांत व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच चित्रकार येथें अवघे ७० दिवस राहिला, तेवढ्या अवधींत त्यानें सुमारें ७० चित्रें रंगविलीं, आणि येथेंच वयाच्या ३७ व्या वर्षीं गोळी लागून तो मरण पावला. तेव्हांपासून हें गांव त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.

चित्रकलेंत माझी गति बेताचीच. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, आणि उरल्या वेळीं न्यायशास्त्राचीं प्राथमिक पुस्तकें चाळण्याचा नाद लागला, तो अद्याप सुटलेला नाहीं. म्हणून ओव्हेरला जाण्याचें माझें निमित्त चित्रांचें नव्हतें. एका गंजून गेलेल्या रिव्हॉल्व्हरचें होतें. माझी भाची व तिचे यजमान कांहीं वर्षें पॅरिसला असतात. यजमान धातुशास्त्राचे पदवीधर. त्यांच्याकडे मुक्कामास असतां त्यांनीं एके रात्रीं जेवणानंतर मला त्या पिस्तुलाचें छायाचित्र दाखविलें आणि विचारलें, “मामा, हें असेंच ठेवावें, कीं घासूनपुसून पूर्ववत् करावें? तुम्ही काय म्हणाल?” मीं तत्काळ उत्तर दिलें नाहीं. दोन दिवस तो प्रश्न डोक्यांतून जाईना, तेव्हां भाची म्हणाली, “गांव काय तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. आपण जाऊनच येऊं या.”

त्या वस्तूची हकीकत थोडक्यांत अशी. सुमारें १९६० सालीं ओव्हेर येथील जुन्या सरदारी वाड्यामागच्या शेतांत एका शेतकऱ्यास हें पिस्तूल मातींत सांपडलें. त्यानें तें गांवांतील राव्हू यांच्या जुन्या खाणावळीच्या तत्कालीन मालकांस नेऊन दिलें. कारण व्हॅन गॉग मेला तो याच खाणावळींत. पुढें कित्येक वर्षें तें त्या कुटुंबापाशीं राहिलें. २०१२ सालीं आलँ रोहाँ या फ्रेंच लेखकानें एक पुस्तक लिहून, चित्रकाराच्या मृत्यूचें हत्यार हेंच असावें असा पक्ष मांडला. २०१६ सालीं ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयानें चित्रकाराच्या आजारासंबंधीं जें प्रदर्शन भरविलें, त्यांत तें ठेविलें होतें. आणि १९ जून २०१९ रोजीं पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहांत तें विकलें गेलें. अपेक्षा ४० ते ६० हजार युरोंची होती. प्रत्यक्षांत सर्व खर्च धरून १ लक्ष ६२ हजार ५०० युरो आले. घेणाऱ्यानें दूरध्वनीवरून बोली केली व आपलें नांव गुप्त ठेविलें.

आम्ही पॅरिसच्या उत्तर स्थानकावरून निघालों, पाँत्वाझ येथें गाडी बदलली, आणि दहाच्या सुमारास ओव्हेरला उतरलों. स्थानकापासून खाणावळ अगदीं जवळ; समोर गांवची कचेरी. १८९० च्या १४ जुलैस, म्हणजे फ्रेंचांच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशीं, पताका लावलेली हीच कचेरी व्हॅन गॉगनें रंगविली होती. इमारत इतकी साधी आहे कीं, आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या कचेरीशेजारीं ती उभी केली तर कोणी वळून पाहणार नाहीं.

खाणावळींत वर जाण्यास अरुंद जिना आहे. शेवटच्या मजल्यावर, कौलाखालीं, पांचव्या क्रमांकाची खोली. क्षेत्रफळ सुमारें ७ चौरस मीटर. उजेड येतो तो छपरांतल्या एका झरोक्यांतून. राहणें व जेवण मिळून दिवसाला साडेतीन फ्रँक. आंत आज पलंग नाहीं, चित्र नाहीं. एक खुर्ची आणि उघड्या भिंती. आत्महत्येची खोली म्हणून ती पुढें कोणीं भाड्यानें घेतली नाहीं, आणि त्यामुळेंच ती जशीच्या तशी राहिली. लोकांच्या भीतीनें किंवा विटाळानें एखादी वस्तु जपली जावी, हें मला मोठें विलक्षण वाटलें. ही खोली रंगवून, गादी घालून, खिडकीला पडदे लावून दाखविली असती, तर मी दोन मिनिटांत खालीं उतरलों असतों. तेथें मात्र बराच वेळ उभा राहिलों.

२७ जुलै १८९० हा रविवार होता. दुपारचें जेवण करून चित्रकार बाहेर पडला. संध्याकाळीं अंधार पडतां पडतां तो पोटावर हात धरून परत आला व मुकाट्यानें जिना चढून याच खोलींत जाऊन पडला. गोळी बरगड्यांच्या खालीं शिरली होती आणि आरपार गेलेली नव्हती. डॉक्टर गाशे, ज्यांचें व्यक्तिचित्र त्यानें काढलें होतें, ते आले. गांवचे दुसरेही डॉक्टर आले. पण गोळी काढतां आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पॅरिसहून धाकटा भाऊ थेओ आला. २९ तारखेच्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास भावाच्या सान्निध्यांत त्यानें प्राण सोडला. पिस्तूल मात्र त्या वेळीं कोणास सांपडलें नाहीं.

आतां सत्तर वर्षांनंतर शेतांत सांपडलेलें हें लोखंड तेंच कशावरून? नैयायिक प्रमाणें मोजतात, त्यांपैकीं तीन येथें उपयोगी पडतात: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द.

प्रत्यक्षापासून आरंभ करूं. वस्तु इतकी गंजली आहे कीं, तिच्या अंगावरचें नांव किंवा क्रमांक वाचण्याची आशा धरूं नये. पण गंज अक्षरें खातो, तितक्या लवकर आकार खात नाहीं. हें पिस्तूल ‘लफोशो’ पद्धतीचें, ७ मिलिमीटर व्यासाचें आहे. काझिमीर लफोशो या पॅरिसच्या बंदूककारानें १८३० नंतरच्या दशकांत एक काडतूस तयार केलें. त्याच्या बुडाशीं बाजूला एक बारीक खिळा बाहेर आलेला असे. घोडा वरून त्या खिळ्यावर पडला म्हणजे खिळा आंत दबून ठिणगी पडावयाची. त्याचा मुलगा यूजीन यानें १८५४ सालीं हीच युक्ति फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलास लावली, आणि चार वर्षांत फ्रेंच आरमारानें तें स्वीकारलें. खिळा बाहेर राहावा म्हणून नळकांड्याच्या मागील कडेस प्रत्येक घरापाशीं एक खांच ठेवावी लागते. नांव पुसलें, मुठीचें लांकूड कुजलें, तरी एवढ्या खांचांवरून जाणकार मनुष्य पद्धत ओळखतो.

परंतु पद्धत ओळखणें निराळें आणि वस्तु ओळखणें निराळें. लफोशोच्या नांवावर बेल्जममधील लिएज शहरीं व फ्रान्समध्यें ठिकठिकाणीं असलीं खिशांत मावणारीं पिस्तुलें अगणित झालीं. तीं स्वस्त असत; खेड्यांतला दुकानदारही एखादें बाळगीत असे. लिएजच्या मालावर परीक्षागृहाचा शिक्का असतो: लंबवर्तुळांत ई, एल्, जी हीं तीन रोमन अक्षरें, आणि १८९३ पासून त्यांवर एक मुकुट. मुकुट दिसला तर तें हत्यार त्या सालापूर्वींचें नव्हे, हें पोरही सांगेल; म्हणजे १८९० च्या घटनेशीं त्याचा संबंध तेथेंच तुटला. जुनीं पिस्तुलें ओळखणारे प्रथम असली खूण शोधतात. मात्र ती खूण उथळ असते, आणि दीर्घकाळ मातींत पडलेल्या लोखंडावर बहुधा उरत नाहीं.

शब्दप्रमाण म्हणावें तर खाणावळवाल्याची मुलगी आदलीन. घटनेच्या वेळीं ती बारा-तेरा वर्षांची होती. १९५० नंतर, म्हणजे साठ वर्षें उलटल्यावर, तिनें सांगितलें कीं, पिस्तूल तिच्या वडिलांचें होतें. मुलगी घरांतली, तिला खोटें बोलण्याचें कारण नाहीं. पण साठ वर्षांत आठवणीवरही पुटें चढतात. शिवाय, पिस्तूल वडिलांचें होतें एवढेंच तिच्या शब्दावरून ठरतें. शेतांत सांपडलें तेंच तें, हें ठरत नाहीं.

राहिलें अनुमान. त्याच्या बाजूनें चार हेतु सांगतात. पिस्तुलाचा व्यास डॉक्टरांनीं वर्णिलेल्या गोळीशीं जुळतो. हत्यार दुबळें आहे, त्यामुळें गोळी आरपार न जाणें समजूं शकतें. परीक्षेवरून तें ५० ते ८० वर्षें जमिनींत असावें असें विक्रीच्या वेळीं सांगण्यांत आलें. आणि सांपडण्याची जागा परंपरेनें दाखविल्या जाणाऱ्या जागेपाशींच आहे. ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयानेंही शक्यता बळकट आहे असें मानून, पण निश्चित न म्हणतां, तें मांडलें होतें.

मला येथें विद्यार्थ्यांना शंभरदां सांगितलेला धूर-अग्नीचा दृष्टान्त आठवला. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें; पण जेथें अग्नि तेथें धूर, असें म्हणतां येत नाहीं. त्याला आपल्या ग्रंथांतलें ठरलेलें उत्तर म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा: तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. तसेंच हें. व्हॅन गॉगचें पिस्तूल असेल तर तें लहान, दुबळें, शेतांत गंजलेलें असावें, हें मान्य. पण लहान, दुबळें आणि शेतांत गंजलेलें प्रत्येक पिस्तूल व्हॅन गॉगचें, ही व्याप्ति कोठें सिद्ध झाली? शेतांत पिस्तूल टाकण्याचीं माणसांना अनेक कारणें असतात, आणि फ्रान्सनें १८९० व १९६० यांच्या मध्यें दोन महायुद्धें पाहिलीं.

आणखी एक गोष्ट आहे. २०११ सालीं स्टीव्हन नायफे व ग्रेगरी व्हाइट स्मिथ या दोघां अमेरिकन चरित्रकारांनीं असा तर्क मांडला कीं, त्यानें स्वतःवर गोळी झाडलीच नाहीं. उन्हाळ्यास गांवीं आलेल्या, त्याची थट्टा करणाऱ्या शाळकरी मुलांच्या हातून ती सुटली, आणि त्यानें त्यांना पाठीशीं घातलें. संग्रहालयाच्या संशोधकांस हा तर्क मान्य नाहीं, आणि मलाही तो पुराव्यापेक्षां करुणेवर अधिक उभा आहे असें वाटतें. पण पिस्तुलाच्या दृष्टीनें पाहतां मौज अशी कीं, तें खरेंच असलें तरी या वादांत त्याची साक्ष निरुपयोगी आहे. घोडा कोणत्या बोटानें ओढला हें लोखंड सांगत नाहीं.

असें बोलत आम्ही चर्चवरून वर चढलों. चर्चचें त्यानें काढलेलें चित्र आतां पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. चित्रांत तें जणूं निळ्या ज्वाळांत डुलतें. प्रत्यक्षांत बिचारें स्थिर, राखी दगडाचें आहे. वर पठारावर आलों तों एकदम आकाश मोकळें झालें. गहू कापलेला होता. खुंट राहिले होते. येथें जांवईबापूंनीं आपलें शास्त्र उघडलें.

ते म्हणाले, “लोकांना वाटतें, गंज म्हणजे वरची घाण, ती काढली कीं खालीं मूळ वस्तु. तसें नसतें. लोखंडाचा गंज होतांना तो फुगतो. कांहीं गंज बाहेर येऊन माती, वाळू धरून बसतो आणि कांहीं आंत शिरतो. वस्तूची मूळ कड कोठें होती तें त्या कवचाच्या मधल्या थरांतच शोधावें लागतें. तारेच्या ब्रशानें कवच उडवलेंत, कीं मूळ कडच उडाली. खालीं राहतें तें खड्डे पडलेलें, आधींपेक्षां बारीक झालेलें लोखंड.”

“मग आहे तसें ठेवून द्यावें?” मीं विचारलें.

“नुसतें ठेवूनही चालत नाहीं. मातींतले क्षार आंत भिनलेले असतात. दमट हवा लागली, कीं थेंब सुटतात, पापुद्रे निघतात, आणि कांहीं वर्षांत भुगा होतो. म्हणून प्रथम क्ष-किरणांनीं आंत काय आहे तें पाहतात. सौम्य अल्कधर्मी पाण्यांत पुष्कळ दिवस बुडवून क्षार काढतात, सुकवतात, टॅनिक आम्लाचा हात देतात, वरून मेण लावतात आणि कोरड्या पेटींत ठेवतात. हवें तेव्हां काढून टाकतां येईल असेंच मेण लावायचें. याला दुरुस्ती म्हणत नाहींत, मामा. ही शुश्रूषा.”

शुश्रूषा हा शब्द त्यांनीं सहज योजिला असेल. मला फार आवडला. क्ष-किरणांचें दुसरें कारणही त्यांनीं सांगितलें, आणि तें प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अशा पिस्तुलाच्या एखाद्या घरांत जुनें काडतूस गंजासह अडकून राहिलेलें असूं शकतें, आणि या पद्धतींत ठिणगी पाडणारा खिळा बाहेरच असतो. तेव्हां हातोडी, पकड, तापवणें, यांतलें कांहीं करण्यापूर्वीं तें रिकामें आहे याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी.

आपल्याकडे खंडेनवमीस शस्त्रें पूजेला काढतात. चिंच, राख, विटकरीचा भुगा घेऊन घरांतील तलवार लखलखीत करण्याची चाल पुष्कळ घराण्यांत आहे. पिढ्यान्पिढ्या असें घासल्यानें पात्यावरचें सोन्याचें नक्षीकाम व घडणाऱ्याचें नांव नाहींसें झालेल्या तलवारी मीं पाहिल्या आहेत. पूजेंतील वस्तु उजळ असावी ही भावना मला समजते. देवळाचा जीर्णोद्धार करतात तो देव तेथें नांदता असतो म्हणून. पण या पिस्तुलाचा देव कोणता, आणि तें कोणाच्या उपयोगीं पडावयाचें आहे? तें पूर्ववत् करणें म्हणजे पुन्हा गोळी झाडण्यास योग्य करणें. तो उद्धार कोणाचा?

ओघानें आलें म्हणून सांगतों: आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या ४५ व्या कलमांत, जुन्या घाटणीचें वा मोडकें जें हत्यार दुरुस्त करूनही बंदुकीसारखें वापरतां येणार नाहीं, त्यास सूट आहे. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द महत्त्वाचे. माळ्यावर आजोबांच्या वेळचें कांहीं सांपडल्यास हौसेनें तें चालू करण्याचा उद्योग कोणीं करूं नये. आधीं पोलीस ठाण्यावर कळवून तें कोणत्या सदरांत बसतें तें पाहावें.

पठाराच्या कडेला गांवची स्मशानभूमि आहे. भिंतीपाशीं दोन सारखे लहान दगड शेजारीं शेजारीं. व्हिन्सेंट आणि थेओ. दोघांवर एकच आयव्हीची वेल पसरली आहे. भावाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्यें, थेओही हॉलंडांत वारला. त्याच्या पत्नीनें १९१४ सालीं त्याच्या अस्थि येथें आणविल्या. आत्महत्या म्हणून गांवच्या धर्मगुरूनें शववाहिका देण्याचें नाकारलें होतें, आणि ती शेजारच्या गांवाहून आणावी लागली. भाचीनें कांहीं न बोलतां वाटेंत वेंचलेल्या गव्हाच्या दोन लोंब्या तेथें ठेविल्या.

पिस्तूल विकावयास निघालें तेव्हां खाणावळ सांभाळणाऱ्या संस्थेनें जाहीर निषेध केला होता: मृत्यूशीं त्याचा संबंध सिद्ध झालेला नाहीं, आणि एका शोकांतिकेचा हा बाजार आहे. पहिला आक्षेप मला पूर्णपणें पटतो. दुसऱ्याविषयीं एवढेंच म्हणेन कीं, चित्रकाराच्या मरणाची खोली पाहण्यास तिकीट आम्हींही काढलें होतें.

उतरतांना मीं जांवईबापूंस त्यांच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. “याच जातीचें, याच काळचें, चांगल्या स्थितींतलें पिस्तूल बाजारांत किती किमतीला मिळतें?”

“मिळतें कीं. याच्या मानानें अगदींच थोडक्यांत.”

“मग त्या गृहस्थानें दीड लक्षाहून अधिक युरो दिले ते लोखंडाचे नव्हेत. गंजाचे दिले. त्यावरची माती या गांवची, तो गंज इतक्या वर्षांचा, एवढाच काय तो दुवा. तो घासून काढला तर हातीं उरेल तें लिएजच्या किंवा आणखी कोठल्या कारखान्यांतलें एक निनांवी पिस्तूल. आज संशयाला जागा आहे, घासल्यावर तीही नाहीं. तुम्ही म्हणतां तशी शुश्रूषा करावी. पुढें कधीं अधिक बारीक परीक्षा निघाली, तर त्या परीक्षकाला तपासायला गंज शिल्लक असूं द्यावा.”

गाडीस अवकाश होता, म्हणून खाणावळीपासून दीडशें मीटरांवर दोबिन्यी रस्त्याच्या कडेचा उतार पाहिला. तेथें मातींतून वर आलेलीं झाडांचीं मुळें आहेत. त्यानें शेवटच्या दिवशीं काढलेलें चित्र ‘झाडांचीं मुळें’ हें होय, आणि तें कोठलें याचा पत्ता १३० वर्षें कोणास नव्हता. २०२० सालीं वाउटर व्हान डर वेन या संशोधकानें विसाव्या शतकाच्या आरंभींचें एक टपाल-चित्र पाहतां पाहतां हा उतार ओळखला. चित्र, टपाल-चित्र आणि जागा, तिन्ही एकमेकांशेजारीं ठेवून पडताळतां येतात. मुख्य खोड तर अजून तेथेंच आहे. चित्रांतील उजेड दुपार कलल्यानंतरचा आहे, त्यावरून तो दिवसाच्या अखेरीपर्यंत काम करीत असावा असें ते म्हणतात. पिस्तुलापेक्षां हें अनुमान पुष्कळ भक्कम.

भाची कुंपणापाशीं वांकून बराच वेळ पाहत होती. मग ती यजमानांकडे वळून म्हणाली, “हीं तरी अजून कोणीं घासायला काढलीं नाहींत.”